कुणी केलं ते आधी सांग

वैनी, रहस्यकादंबरी कशी ऐकायची ते तुला कधी कळलंच नाही, असं मी तुला इतकी वर्षं म्हणत आले. गोष्टीत कुणी नाहीसं झालं रे झालं, की तू हातातलं काम न थांबवता म्हणायचीस, "कुणी केलं ते आधी सांग, मग मी निवांत ऐकती." मी म्हणायचे, ते आधीच सांगितलं तर पुढं ऐकण्यासारखं राहिलं काय? तू म्हणायचीस, "लग्नपत्रिकेवर नवऱ्याचं नाव छापत्यातच की. म्हणून मानसं लग्नाला यायची थांबत्यात व्हय?" आई आतून हसायची, आणि आपण हसलो हे सुनेला कळू नये म्हणून लगेच एखादं भांडं आपटायची.

तो वाद आपला मिटला नाही. मला वाटायचं, म्हातारपणी हुपरीच्या घराच्या पायरीवर बसून आपण तो मिटवू. निदान वाढवू तरी.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी कोल्हापूरला कॉलेजात जायला लागले होते. आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. वडील बिद्रीकडच्या गावातून हुपरीला चांदीच्या कामासाठी आले, दादा त्यांच्याच हाताखाली शिकला, आणि मी शिकावं असं दोघांनी ठरवलं. मी इंग्रजी विषय घेतला तो धाडसानं नव्हे, अडाणीपणानं. इंग्रजी घेतलं की नोकरी मिळते असं कुणीतरी सांगितलं होतं. वर्गात पुढच्या बाकावरच्या मुली सरांच्या विनोदाला वेळेवर हसायच्या. मी त्यांचं बघून एक क्षण उशिरा हसायचे.

दुसऱ्या वर्षाला ती जाड कादंबरी लागली. राणीच्या काळातल्या इंग्लंडातली, बारीक अक्षरांची, अर्ध्या पानाचं एकेक वाक्य. शब्दकोश मांडीवर घेऊन मी पहिल्या प्रकरणाशी झगडत होते आणि एका दुपारी मला रडूच आलं. तू विचारलंस, "एवढी रडतीस, कोण मेलं त्यात?" मी म्हणाले, कोण मेलं तेच तर कळत नाही. तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, "मग मला सांगत जा. मला कळलं म्हंजे तुला कळलं."

माझं सगळं शिक्षण त्या वाक्यापासून सुरू होतं, हे मी तुला कधीतरी सांगायला हवं होतं.

दुपारी आपल्या बाहेरच्या सोप्यात पैंजणांना घुंगरू लावायचं काम चालायचं. मान खाली, हातात चिमटा. डोळे आणि बोटं कामात अडकलेली, कान तेवढे मोकळे. त्या मोकळ्या कानांत आईचं ओरडणं तरी पडायचं, नाहीतर शेजारच्यांचा रेडिओ. आईचा आवाज स्टँडपर्यंत जातो असं गल्लीत म्हणायचे. भाकरी जाड झाली, चिमटा जागेवर नाही, पाण्याची कळशी उघडी राहिली, प्रत्येक गोष्टीला तुझं नाव. तू आईला आत्ती म्हणायचीस, आणि तिचं मनावर घ्यायची नाहीस. तुमच्या गावाकडं म्हणे याहून मोठ्यानं ओरडतात, आणि कन्नडमध्ये ओरडलं की जास्त लागतं.

त्या आवाजाखाली मी तुला गोष्ट सांगायला लागले. एका मोठ्या घराचा तरुण मालक संध्याकाळी फिरायला जातो तो परत येत नाही. घरात त्याची आजारी धाकटी बहीण आणि एक काका. तो मेला हे घरातल्यांना पुढं कळतं, पण पोरीचं हृदय नाजूक, ती हाय खाईल, म्हणून तिला कुणी सांगत नाही. भाऊ परदेशी गेलाय, पत्र येईल, असं सांगत राहतात. गोष्ट सांगायला माणसं बदलत जातात. थोडं माळी सांगतो, थोडं शिकवायला येणारी बाई, थोडं डॉक्टर, थोडं वकील. ज्याला जेवढं दिसलं तेवढंच.

तुला हे फार आवडलं होतं. "आपल्या गल्लीसारखंच हाय की," म्हणालीस. "समद्यांस्नी थोडं थोडं ठावं, आनि समदं कुनालाच न्हाय." धुकं कसलं असतं म्हणून विचारलंस. मी म्हणाले, थंडीत नदीकाठच्या मळीच्या रानात असतं तसं. तू त्यात गुऱ्हाळाचा धूर मिसळलास, आणि तेव्हापासून माझ्याही डोळ्यांपुढं त्या इंग्लंडाला गुळाचा वास येतो. तिथं भांडी कोण घासतं, विहीर घरापासून किती लांब, बहिणीच्या खोलीची कडी आतून की बाहेरून, असले तुझे प्रश्न. उत्तर द्यायचं तर मला मागं जाऊन वाचावं लागायचं, आणि वाचलं की कळायचं, लेखकानं ते कुठंतरी लिहून ठेवलेलं आहे. बारीक वाक्यात, जाता जाता.

प्रत्येक भाग नेमका अडचणीत संपायचा. कुणीतरी दार ढकलतं, आणि प्रकरण खलास. तू चिडायचीस, "मुद्दाम थांबतोय बघ ह्यो. गिऱ्हाईक परत यावं म्हनून." खरंच तसं होतं. त्या काळी ती कादंबरी मासिकात तुकड्यातुकड्यानं छापून आली होती. मी हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, मग तर त्यानं आधीच नाव सांगायला पाहिजे होतं, महिनाभर लोकांच्या जिवाला किती घोर. मी मात्र हट्टानं नाव सांगितलं नाही. तू रोज मागायचीस, मी रोज दाबून धरायचे. भाकरी थापताना मागायचीस, एसटी सुटताना खिडकीखाली उभी राहून मागायचीस. कंडक्टरनं एकदा विचारलं, कुणी काय केलं म्हणून.

शेवटी तू स्वतःच ओळखलंस. बहिणीची काळजी घेणारा तो प्रेमळ काका. मी चकित झाले. कशावरून, म्हणून विचारलं. तू म्हणालीस, "घरचा म्हनवतोय आनि कवा जेवत न्हाय. जेवायच्या येळंला बरोबर उठतोय. ज्याच्या मनात काय असतं, त्याला त्या घरचा घास उतरत न्हाय." मी परत सगळं चाळलं. तो खरंच एकदाही जेवलेला नव्हता.

मग त्या कादंबरीवरून आपला दुसरा वाद झाला, आणि तो पहिल्याहून मोठा होता. माझं म्हणणं, गुन्हेगार काका. तुझं म्हणणं निराळं. "मारलं एकानं," तू म्हणालीस, "पन लपवलं समद्यांनी." मी म्हणाले, अगं, त्यांनी तिच्यावरच्या प्रेमापोटी लपवलं, ते वेगळं. तू चिमटा खाली ठेवलास. काम चालू असताना तू चिमटा ठेवलेला मी क्वचितच पाहिलाय. "पिरेमानं का असंना. भाऊ तिचा गेलाय. तिचं रडनं तिला द्याया नगं?" मी वर्गात शिकलेलं काहीतरी बोलले. तू ऐकून घेतलंस आणि परत चिमटा उचललास.

मी पास झाले. मग पुढचंही शिकले. पदवीचा काळा झगा घालून फोटो काढला तो झगा भाड्याचा होता, परत द्यायच्या आधी तू घालून स्वयंपाकघरात चुलीपुढं उभी राहिलीस. आई ओरडली, वकिलीण झालीस व्हय, चहा उतू चाललाय. तू झग्याच्या हातांनीच पातेलं उतरवलंस. त्या कापडाला दुधाचा डाग पडला आणि आपण दोघी नळाखाली तो चोळत बसलो. त्या झग्यावर तुझा हक्क माझ्याएवढा होता. मी हे आज म्हणतेय. तेव्हा मला डागाची काळजी होती.

पुढं माझं लग्न झालं, शिवाजी पेठेत बिऱ्हाड झालं, एका ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. मी पोरांना सांगते, रहस्यकादंबरीत माणसाला भीती नको असते, उलगडा हवा असतो. शेवटी एक खोली असते, सगळे जमतात, कुणीतरी उभं राहून सगळं सांगतं, आणि घर हलकं होतं. या भरवशावर वाचक शेकडो पानांचं धुकं सहन करतो. हे मी छान शिकवते, पोरं लिहून घेतात.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर तुझं पोट दुखायला लागलं. पित्त म्हणून अंगावर काढलंस. मग कावीळ दिसली, तपासण्या झाल्या, आणि कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात तू, मी आणि दादा डॉक्टरांपुढं बसलो. डॉक्टरांनी कागद बघितले, तुझ्याकडं एकदा बघितलं, आणि माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. शिकलेली बाई सोबत आहे म्हणून. कॅन्सर आहे, पसरलेला आहे, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, वेदना कमी ठेवू, काही महिने. त्यांचा प्रत्येक शब्द मला कळला. पुढच्या बाकावरच्या मुलींसारखा, वेळेवर कळला. मी मान हलवत होते. आणि तू डॉक्टरांकडं बघतच नव्हतीस, तू माझ्याकडं बघत होतीस.

तुला सांगत सांगत शिकलेली ती भाषा. तिचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग तो.

बाहेर आल्यावर मी वाट बघत होते की आता तू विचारशील. तू आधी शेवट विचारणारी. तू म्हणालीस, आत्तींना भडंग न्यायचं राहील बघ, चल. दादानं मला गाड्या लावतात तिथं बाजूला घेतलं. मी मराठीत सांगितलं. तो भिंतीला टेकला. मग म्हणाला, "तिला कळता कामा न्हाय. धीर सोडंल ती. आईची शपथ हाय तुला, वैशे." मी म्हणाले, दादा, तिला चालणार नाही हे. तो म्हणाला, तुला पुस्तकातलं कळतं, मला माझी बायको कळती. मी शपथ घेतली.

मग आपल्या घरात ते सुरू झालं. अल्सर आहे, गोळ्यांनी जाईल. पुण्याला शिकणाऱ्या तुझ्या पोरालाही तेच सांगितलं, परीक्षा होऊ दे म्हणून. दादा लवकर काम आवरून तुझ्या खाटेजवळ बसायला लागला. आई तुला वरण मऊ करून द्यायची, पाय चेपू का म्हणायची. सगळे हळू बोलायचे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात शांतता होती. आम्हाला वाटलं, चांगलं जमतंय.

तू दिवसातून एकदा तुझ्या अव्वाशी फोनवर बोलायचीस. अव्वा म्हणजे तुझी आई, हद्दीपलीकडच्या गावातली; तिच्याशी तुझं सगळं कन्नडमध्ये. आम्हाला बाजारापुरतं चार शब्दांचं कन्नड. तू खाटेवर उशीला टेकून, आमच्या सगळ्यांच्या देखत, गावाकडच्या म्हशीबद्दल बोलावं तशा सुरात बोलायचीस. मधेच हसायचीस. तू हसलीस की दादाला बरं वाटायचं. अव्वाला काही कळवू नका, म्हातारी आहे, हेही आम्ही ठरवलेलं होतं.

आणि एका रविवारी तू म्हणालीस, "वैशाली, ते धुक्यातलं पुस्तक आन की. परत सांग."

मी आणलं. दर रविवारी हुपरीला यायचे, तुझ्या खाटेजवळ बसून सांगायचे. यावेळी तू नाव मागितलं नाहीस, ते तर तुला माहीतच होतं. तुझे हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांनी ऐकताना तू मला अनोळखी वाटायचीस. काका आला की पूर्वी शिव्या घालायचीस, आता नुसती मान हलवायचीस. मात्र बहिणीची पानं आली की थांबवायचीस. ती खिडकीशी बसते, घरातले येऊन हवापाण्याचं बोलून जातात, ते पान तू मला परत परत सांगायला लावलंस.

एकदा त्या पानावर तू विचारलंस, "त्या पोरीला कळलं असंल का गं?"

मी म्हणाले, पुस्तकात तसं दिलेलं नाही.

"पुस्तकात न्हाय. तुला काय वाटतं?"

दार उघडंच होतं, वैनी. तू ते एवढं उघडून धरलं होतंस. मी म्हणाले की त्या काळच्या लेखकांची ती पद्धत होती, बायकांना नाजूक दाखवायची, त्यामुळं तिच्या मनातलं आपल्याला कळत नाही. तू माझ्याकडं बघितलंस. मग म्हणालीस, "शिकवतीस चांगलं तू." आणि पाणी मागितलंस.

पुस्तक पुरं झालं नाही. शेवटच्या दिवसांत तू ग्लानीत असायचीस. पोरगा आला तेव्हा तू त्याला ओळखलंस, पण बोलली नाहीस. दादानं तुझा हात धरला होता. तू गेलीस.

रक्षाविसर्जन झालं. तेव्हापासून लोक येतात, बसतात. दादा बाहेरच्या खोलीत सतरंजीवर असतो, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य सांगतो, "शेवटपर्यंत तिला काय कळू दिलं न्हाय आम्ही." ते सांगताना त्याचा आवाज जरा सरळ होतो. लोक मान डोलावतात. फार केलंस बाबा, म्हणतात. नवऱ्यानं करावं ते केलंस. मी आतून चहा आणायचे आणि ते ऐकायचे.

अव्वा इथंच राहिल्या होत्या. पाहुणे पांगल्यावर एका सकाळी त्या आणि मी मागच्या पडवीत मेथी निवडत बसलो होतो. बाहेर दादाचं ते वाक्य पुन्हा चाललं होतं. अव्वांनी जुडी खाली ठेवली आणि त्यांच्या तोडक्या मराठीत म्हणाल्या, "तिला समदं ठावं होतं."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी हळूहळू सांगितलं. तू पहिल्या आठवड्यातच त्यांना फोनवर सांगितलं होतंस, की अव्वा, मी जगत नाही. आमच्या देखत, त्या खाटेवर बसून. मी विचारलं, तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही, म्हणाल्या. "तुमची आई वरडायची थांबली. तवाच कळलं म्हनाली."

आम्ही गोळ्यांची पाकिटं लपवली, कागद शिवाजी पेठेत नेऊन ठेवले, फोन अंगणात जाऊन घेतले. आणि एका ओरडणाऱ्या बाईनं एका सुनेवर ओरडणं सोडलं, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. तुझ्या ध्यानात आलं. ज्या कानांत मी ती कादंबरी ओतली, त्याच कानांत ते पडायचं बंद झालं होतं.

मी विचारलं, मग ती आम्हाला का बोलली नाही? अव्वा म्हणाल्या, नवऱ्याला तेवढाच आधार आहे, तो मी कशाला काढून घेऊ, असं तू म्हणायचीस. मग त्यांनी आणखी एक सांगितलं. ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं मला रोज वाटतं. "वैशाली सांगंल म्हनायची. तिला शेवट दाबून धरायची सवय हाय, पन सांगती. रविवारची वाट बघायची. आज सांगंल, आज सांगंल." आणि रविवारी संध्याकाळी फोन केला की म्हणायचीस, "आजबी न्हाय, अव्वा."

ते सगळे रविवार, वैनी. मी वेळेवर यायचे, फळं आणायचे, पुस्तकातली खूण काढून सुरू करायचे. तू ऐकायला बसलेली नव्हतीस. वाट बघत होतीस.

त्या दुपारी कुणी भेटायला आलेलं नव्हतं. दादा एकटाच बसला होता. मी गेले तर तो मलाही तेच म्हणाला, सवयीनं, "निदान तिला काय कळू दिलं न्हाय." मला ते ऐकवेना. तू जिवंत असताना तुझ्यापासून लपवलं, आता तू गेल्यावर तुला अडाणी ठरवायचं, हे मला सहन झालं नाही. मी म्हणाले, दादा, तिला माहीत होतं. अव्वांना तिनं सगळं सांगितलं होतं. आपल्या समोर बसून.

मला वाटलं तो अव्वांवर चिडेल, माझ्यावर तरी चिडेल. त्यानं सतरंजीची कड दुमडली, सरळ केली. मग म्हणाला, "मग मी बोललो असतो की गं तिच्याशी."

तो रोज संध्याकाळी तुझ्याजवळ बसायचा. चांदीचा भाव, पंख्याचं बटण, शेजाऱ्यांची भिंत, यापलीकडं त्याला काही काढता यायचं नाही, कारण दुसरं काही काढलं तर त्याचा बांध फुटला असता. बोलून झालं की नळावर जाऊन तोंड धुवायचा. मी पाहिलंय. आणि तू उशीला टेकून त्याचं ते पंख्याचं बटण ऐकून घ्यायचीस, त्याला आधार म्हणून. दोघांनी एकमेकांसाठी तोंडं मिटून ठेवली आणि त्या खोलीतली ती सगळी संध्याकाळ वाया गेली. एक संध्याकाळ नव्हे. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या.

आता तो येणाऱ्याला काही सांगत नाही. लोक बसून उठून जातात. आई म्हणते, सांगायची काय गरज होती तुला, तेवढंच एक समाधान होतं त्याच्यापाशी. तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही. मी वर्गात सांगत आले की सगळं उघड झालं की घर हलकं होतं. आपल्या घरात आता सगळ्यांना सगळं माहीत आहे. जेवायला बसतो तर कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. तुझं म्हणणं खरं होतं, लपवलं समद्यांनी. आणि माझंही म्हणणं खरं होतं, प्रेमापोटीच लपवलं. दोन्ही खरी निघून काय मिळालं?

काल निघताना दादा बसपर्यंत सोडायला आला. गाडी लागल्यावर त्यानं विचारलं, "काय बोलायचं असंल गं तिला माझ्याशी?"

मी अव्वांना ते विचारलं होतं. तुझ्याजवळ बसणाऱ्या प्रत्येकीला विचारलं होतं. कुणालाही माहीत नाही. माहीत नाही म्हणून सांगितलं त्याला. तो म्हणाला, "तू तर समदं शोधून काढतीस की, पुस्तकातलं." टोमणा नव्हता त्यात. तो खरंच विचारत होता, मला येत असेल असं समजून. बस निघाली तरी तो तिथंच उभा होता, मी काहीतरी सांगेन म्हणून.